तायडे मॅडम आणि वयाचा रकाना

तायडे मॅडमनी त्या पोराच्या बाबतीत बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सकाळी वाटतं, बाई मोठी होती. दुपारची जेवणं होईपर्यंत वाटतं, हट्टी होती, दुसरं काही नाही. संध्याकाळी वाटतं, जाऊ दे ना बाप्पा, आपल्याला काय करायचं! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "तुमी त्या मॅडमचं एकदाचं लिहून काढा अन् मोकळे व्हा." म्हणून लिहायला बसलो आहे. मोकळा होईन असं काही वाटत नाही.

मी रिठदचा. समाजकार्याची पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलो होतो. म्हणजे बाप बसू देत नव्हता, सोयाबीनमध्ये तण काढायला डवऱ्यामागं पाठवायचा, पण गावाच्या भाषेत बसलेलाच. कोणीतरी सांगितलं की वाशिमला पोरींच्या कॉलेजात एक मॅडम आहेत, 'मानव विकास' नावाचा विषय शिकवतात, त्यांना संशोधनासाठी मोटारसायकल चालवणारा एक शिकलेला पोरगा पाहिजे. मी धुतलेला शर्ट घालून गेलो. मॅडम स्टाफरूममध्ये नव्हत्याच. मागच्या पटांगणात कडुलिंबाखाली मांडी घालून फुटाणे खात बसल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढं, बुटका बांधा, सुती पातळ, पायात रबरी चपला, बाजूला पुरुषी लांब दांड्याची काळी छत्री. मी सर्टिफिकेटांची फाईल पुढं केली. त्यांनी फाईलवर फुटाणे ठेवले आणि विचारलं, "तुह्या मायबापाचं लगन झालं त्या साली पाऊस कसा होता?"

मी म्हटलं, "मले काय माहीत?"

"मंग इचारून ये. इचारता आलं तर काम देल्लं."

असला इंटरव्ह्यू मी ऐकला नव्हता. रागातच घरी आलो आणि रात्री जेवताना बापाला विचारलं. माझा बाप दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. तो त्या दिवशी ताटावर हात तसाच ठेवून तासभर बोलला. कोणत्या नाल्याला पूर आला, वऱ्हाडाची बैलगाडी कुठं फसली, आईचा मामा कसा रुसला, सगळं. मीही ऐकतच राहिलो. दुसऱ्या दिवशी मॅडमला सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाह्यलं? वय इचारलं असतं तर त्यानं एक आकडा फेकला असता. साल इचारलं तर मानूस सापडते." आणि फुटाण्यांची पुडी माझ्याकडं सरकवली. म्हणजे नोकरी लागली.

कामाचं नाव सांगताना दम लागायचा: 'विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या मनोसामाजिक विकासाच्या टप्प्यांचा अभ्यास'. साध्या भाषेत सांगायचं तर, अठराच्या आतली जी पोरं चोरी-मारामारी करून निरीक्षणगृहात येतात, ती कुठं अडली आहेत ते बघायचं. मॅडमची ती पीएच.डी. होती. मंगरूळपीरकडच्या एका मजूर घरातली ही बाई, घराण्यात पहिली शिकलेली. नोकरी, सासू-सासऱ्यांची आजारपणं, नवऱ्याचं जाणं यात पीएच.डी. राहून गेली होती आणि निवृत्तीच्या आत ती करायचीच असा त्यांचा निर्धार होता. "माह्या बापानं घरावर पाटी लावाले लाकूड कापून ठेवलं होतं," असं त्या सांगायच्या, "बाप गेला, लाकडाले वाळवी लागली, पन मी डॉक्टर होतोच."

त्यांचा सिद्धांत मला एका दमात कधीच समजला नाही. त्या समजावायच्या तेव्हा समजायचा आणि गाडीला किक मारेपर्यंत सांडून जायचा. जेवढा राहिला तेवढा सांगतो. माणूस टप्प्याटप्प्यानं वाढतो आणि प्रत्येक टप्प्याचं एक कोडं असतं. तान्ह्या लेकराचं कोडं, रडलं तर कोणी येतं का? शाळेतल्या पोराचं कोडं, मला काही जमतं का? मिसरूड फुटलेल्याचं कोडं, मी कोण? आणि एखादं कोडं सुटायच्या आधीच माणसाला पुढच्या वयात ढकललं, तर मागचं कोडं अंगातच राहतं. आठव्या वर्षी पोराला वीटभट्टीवर नेलं, तो माती कालवायला शिकला, पण त्याला 'शाब्बास' म्हणणारं तिथं कोणी नव्हतं. मग तो सतरा वर्षांचा दिसतो, पण आतून आठव्या वर्षाच्याच दारात उभा असतो. मी विचारायचो, "मंग गुन्ह्याचं काय, मॅडम?" त्या म्हणायच्या, "गुन्हा मंग. टप्पा पाह्य, बापू, टप्पा."

हे 'गुन्हा मंग' त्या नुसतं बोलत नव्हत्या. पोरानं काय केलं याचा कागद त्या तिसऱ्या भेटीपर्यंत वाचायच्या नाहीत. कागद माझ्या बॅगेत राहायचा आणि मला तोंड उघडायची बंदी. एकदा मी नुसतं म्हटलं, "मॅडम, आजचा जरा डेंजर हाये." तर त्या गेटवरूनच परत फिरल्या. म्हणाल्या, "आता मले त्याच्या तोंडावर तुहं डेंजर दिसन. पुढच्या हप्त्यात येऊ." बावीस किलोमीटर जाणं-येणं वाया!

पोरांची नावं कुठं लिहायची नाहीत हा संशोधनाचा नियमच असतो. बाकीचे लोक नंबर देतात. मॅडम म्हणाल्या, नंबर त्यांना पोलिसांनी दिलेलेच आहेत. म्हणून आमच्या वहीत तीळ होता, बरबटी होता, अंबाडी होता, मूग होता. तीस पोरं पाहिजे होती, विद्यापीठानं तीसच मंजूर केली होती. विसावं नाव लिहीपर्यंत पिकं संपली, तर मॅडम भाजीपाल्यावर आल्या. एकाचं नाव चमकोरा, म्हणजे अळू, ठेवलं. वही उघडली की मला बाजारात आल्यासारखं वाटायचं.

निरीक्षणगृहात त्या प्रश्न विचारायच्या आधी खेळायच्या. पातळाचा पदर खोचून, चपला काढून, लगोरी. मी उभा, अधीक्षक सर खुर्चीवर, आणि ही बाई त्या पोरांमध्ये धावते आहे. खेळताना त्या मुद्दाम लबाडी करायच्या. चेंडू लागला तरी 'नाई लागला' म्हणायच्या, आणि मग कोण काय करतं ते बघायच्या. मी भिंतीजवळ उभा राहून लिहून घ्यायचो. कोणी भांडायचं, कोणी अधीक्षकांकडं बघायचं, कोणी नुसतं हसून सोडून द्यायचं. जवस नावाचं पोरगं होतं, त्यानं यातलं काहीच केलं नाही. चेंडू मॅडमच्या पोटरीला धाडकन लागला होता, सगळ्यांनी पाहिला होता. हा पुढं आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मॅडमले नाई लागला. मी जवळून पाह्यलं. भगवान कसम." आणि सगळ्या पोरांशी एकटा भांडला. मॅडम त्या दिवशी परत येताना गाडीवर मागं बसल्या होत्या. वाटेत म्हणाल्या, "त्यानं माह्यासाठी कसम खाल्ली बापू. मी लबाडी करून राह्यली होती, अन् त्यानं कसम खाल्ली." ते हसून म्हणाल्या की रडून, गाडी चालवताना मला मागं दिसलं नाही.

एवढी लबाडी खेळात करणारी बाई कागदावर मात्र भयंकर होती. मला एकदा सहा पोरांच्या घरी जाऊन आईबापांकडून प्रश्नावली भरून आणायची होती. घरं पार सहा दिशांना, ऊन असं की डोकं फिरावं. मी शेलूबाजारला एका हॉटेलात पंख्याखाली बसलो आणि दोन कप चहात सहाच्या सहा फॉर्म भरून टाकले. मॅडमनी ते वाचले. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "काहून बापू, हे साही पोट्टे एकाच मायनं जनले काय? साही जनांले पोहे आवडतेत, साही जन क्रिकेट खेळतेत, साही जन बापाले भेतेत." मग मला समोर बसवून तीच प्रश्नावली त्यांनी माझ्यावर भरली. लहानपणी कोणाला भ्यायचास, रडलास तर कोण यायचं. अकराव्या प्रश्नाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "आता समजलं ना एका रकान्यात काय असते? जाय, साही घरी जाऊन ये." गेलो. चार दिवस लागले. त्यांच्या वहीत खोटा शब्द टिकत नव्हता हे सांगायला हे सगळं सांगितलं, कारण पुढचं त्याच्याशिवाय समजणार नाही.

आता वयाचं. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इकडं शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख बघितली तर निम्मी माणसं एक जुलैची निघतात. आईबाप कामाला बाहेरगावी, पोर कधी भट्टीवर झालं, कधी उसाच्या फडात झालं, तारीख कोणाला ठाऊक? पहिलीत नाव घालताना गुरुजी पोराकडं एक नजर टाकतात आणि सहा वर्षं मागं जाऊन एक जुलै लिहून मोकळे होतात. वाईट हेतू कोणाचाच नसतो. पोराचं नाव पटावर चढावं एवढंच. मॅडमही एक जुलैच्याच. त्या दिवशी कॉलेजात कोणी शुभेच्छा दिल्या की म्हणायच्या, "मले एकटीले कायले? आज अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस हाये." आमच्या तीस पोरांपैकी एकोणीस एक जुलैची होती. जिथं सगळा सिद्धांत वयावर उभा, तिथं हे वय! म्हणून मॅडमनी घटनांचं कॅलेंडर केलं होतं. प्रत्येक गावात फिरून, म्हाताऱ्यांना विचारून, गारपीट कोणत्या साली झाली, नळ कधी आला, पूल कधी वाहून गेला, सगळं एका लांब कागदावर मांडलेलं. पोराच्या आईपुढं सुतळी अंथरायची, गाठी म्हणजे सालं, आणि एकेका घटनेचा चिंचोका त्या-त्या गाठीवर ठेवत जायचा.

जवसच्या आईकडं आम्ही गेलो तेव्हा ती तुरीच्या काड्या बांधत होती. मॅडमनी आधी कागद वाचून दाखवला. तुम्ही जे सांगाल ते या वहीबाहेर जाणार नाही, असं त्यात लिहिलेलं. बाईनं अंगठा दिला. खाली मॅडमनी सही केली. सुतळी अंथरली. मॅडमनी साल विचारलं, भट्टी विचारली, मोठ्या पोरीचं लग्न विचारलं. बाई रंगात आली. "हा पोटात होता तई पूल गेल्ता. दोन साल आमी परभनीकडे भट्टीवर होतो, तिथून आलो तई हा आठाचा होता. पहिलीत बसवाले नेला तं गुरुजी म्हने, आठाचा पोट्टा पहिलीत? पोरं हासतीन. साहाचा लिहू." मॅडमनी चिंचोके ठेवले. मी मधल्या गाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या. दाखल्याप्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी जवस साडेसोळा वर्षांचा होता. सुतळीवर तो अठरा ओलांडून पाच-सहा महिने पुढं गेलेला.

याचा अर्थ आईला कळला नव्हता. आम्हाला कळला. अठराच्या आत असेल तर निरीक्षणगृह, बाल न्याय मंडळ, सुधारण्याची संधी. अठराच्या वर असेल तर मोठ्यांचं कोर्ट आणि जेल. आणि जवसचा गुन्हा लहान नव्हता. शेलूबाजारच्या एका सोयाबीनच्या गोदामात तो दोघांबरोबर पोती चोरायला शिरला होता, आणि चौकीदारानं धरलं तेव्हा यानं हातातला पाना त्यांच्या तोंडावर मारला होता. चौकीदाराचा उजवा डोळा गेला. त्यांना मी इथं काका म्हणतो. काका मेले नाहीत हे जवसचं नशीब म्हणायचं की काकांचं, तेही मला कळत नाही.

मी घरी परतताना विचारलं, "मॅडम, आता?"

"आता काय? वहीत लिहिलं."

"अन् सांगायचं कोनाले?"

"कोनालेच नाई."

त्याच आठवड्यात त्या काकांना भेटायलाही गेल्या. काकांनी पाणी विचारलं नाही. पट्टी बांधलेला डोळा त्यांच्याकडं करून म्हणाले, "तुमी त्या पोट्ट्याचा टप्पा पाहून राह्यले म्हनते. माहा टप्पा पाहा. साठ वर्साचा हावो, घरात कमावनारा मीच." मॅडमनी तेही लिहून घेतलं. मला वाटतं त्या दिवसापासून त्या दोन्हीकडून फाटत गेल्या. तोंडावर दिसायचं नाही. फक्त फुटाणे खाणं बंद झालं.

मग काकांच्या पुतण्यानं मंडळापुढं अर्ज केला, की हा पोरगा लहान नाही, वय तपासा. कोणीतरी सांगितलं, एक संशोधक बाई पोराच्या आईला भेटून वयाचा हिशेब मांडून गेली आहे, तिला विचारा. मॅडमला बोलावणं आलं.

त्या दिवशी मंडळाच्या व्हरांड्यात जवसच्या बाजूच्या वकिलानं मॅडमला कोपऱ्यात घेतलं. "मॅडम, 'दाखल्याप्रमाणे साडेसोळा' एवढंच म्हणा. हे खोटंही नाही." मीही म्हटलं, बरोबर आहे, म्हणून टाका. मॅडम म्हणाल्या, "दाखला काय म्हनते ते दाखल्याले इचारतीन. मले इचारतीन तं मले काय माहीत हाये ते इचारतीन." मी डोक्याला हात लावला.

मी बॅग घेऊन दाराशी उभा होतो, म्हणून सगळं ऐकलं. न्यायाधीश बाई वयानं मॅडमहून लहान होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी विचारलं, तुम्ही मुलाचं वय काढलंत का? मॅडम इथं प्रमाण भाषेत बोलल्या. "काढलं. पण ते मी सांगणार नाही. त्या माउलीला मी लेखी शब्द दिला आहे."

"ते दाखल्यापेक्षा वेगळं आहे का?"

"तेही सांगणार नाही."

"तुमच्या अशा बोलण्याचा अर्थ काय निघतो, कळतं ना?"

"कळतं. तुम्ही मला वय विचारू नका, टप्पा विचारा. हा मुलगा आतून आठ-नऊ वर्षांचा आहे, हे मी दिवसभर पुराव्यानिशी सांगू शकते."

"कायद्यात टप्पा नाही मॅडम, वय आहे," न्यायाधीश बाई म्हणाल्या. त्या हे कडक नाही, थकल्यासारखं बोलल्या. त्यांनी शाळेचं रजिस्टर आणि दाखला जुळवून पाहिला, कायद्यात दाखला पहिला धरतात म्हणाल्या आणि मुलाला अल्पवयीन ठरवलं. संपलं. म्हणजे मॅडमनी सांगितलं काय, न सांगितलं काय, निकाल तोच लागणार होता! हे मला त्या क्षणी इतकं विचित्र वाटलं की हसायला आलं आणि मी दाराबाहेर तोंड फिरवलं.

बाहेर दोघं वाट बघत होते, आणि दोघंही मॅडमवरच धावले. जवसची आई म्हणाली, "काहून व बाई, एक सबद खोटा बोलाले तुह्या जिभेले काटा होता काय? मी तुले लेक समजून सांगतलं अन् तू मागं सरली. जज बाईनं उलटं धरलं असतं तं माहं पोर जेलात गेलं असतं ना!" काका म्हणाले, "अन् खरं बोलाले काय झालं होतं? माहा डोया खोटा हाये काय?" मॅडम मधोमध छत्री धरून उभ्या. एकाकडं बघायच्या, मग दुसऱ्याकडं. मग गाडीकडं निघाल्या.

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. गाडीवर मी बोलून टाकलं. "त्या पोरानं तुमच्यासाठी खेळात भगवान कसम खाल्ली होती मॅडम. तुमाले एक वाक्य जड झालं?" मॅडमनी छत्री मांडीवर आडवी घेतली. कोणता तरी फाटा मागं गेला. मग म्हणाल्या, "त्याचं वय होतं तसं करायचं."

"कोनतं वय? सुतळीवरचं की दाखल्यावरचं?"

हे विचारलं आणि मला माझीच लाज वाटली. पण प्रश्न चुकीचा होता असं अजूनही वाटत नाही.

त्यानंतर प्रबंधाचं त्रांगडं झालं. तक्त्यात तीस ओळी, प्रत्येक ओळीत वयाचा रकाना. जवसच्या ओळीत काय लिहायचं? दाखल्याचं वय मॅडम लिहीनात, कारण ते खोटं. सुतळीचं वय लिहीनात, कारण प्रबंध वाचनालयात जातो आणि जवस म्हणजे कोण हे आमच्याकडं एखाद्या चौथीतल्या पोरानंही ओळखलं असतं. मार्गदर्शक सर चांगले होते बिचारे. म्हणाले, बाकी अठरा जणांचंही कॅलेंडरचंच वय लिहिलं आहेत ना, याचं दाखल्याचं लिहा, कोण बघतं? मॅडम नाही म्हणाल्या. सर म्हणाले, मग त्याला वगळा, दुसरा मुलगा घ्या. मॅडम म्हणाल्या, "सर, ज्यानं माझा सिद्धांत तपासून घेतला तोच वगळू? मग उरलं काय?" सर म्हणाले, तुमचा सिद्धांत टप्प्यांचा, आणि टप्पे वयाचे, वयाचा रकाना कोरा ठेवून तुम्ही काय सिद्ध करणार? मॅडमनी रकाना कोराच ठेवला आणि प्रबंध विद्यापीठातून परत आला. दुरुस्त करून द्या, असा शेरा होता. एक आकडा फक्त. मी रात्रंदिवस मागं लागलो, सरांनी दोनदा फोन केला, मॅडमची बहीण येऊन रडून गेली. मॅडम म्हणायच्या, "विचार करून राह्यली." करतच राहिल्या. तशाच निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात कोणीतरी चुकून 'डॉ. तायडे' म्हणालं. त्या उठून माइकपाशी गेल्या आणि "नुसतं तायडे" एवढं बोलून खाली बसल्या.

मी तोवर एका संस्थेत लागलो होतो, लग्न झालं, भेटी कमी झाल्या. जवस निरीक्षणगृहातून सुटला आणि आईबरोबर पुन्हा भट्टीवर गेला असं ऐकलं. सुधारला का? ठाऊक नाही. अडकलेलं कोडं सुटलं का, तेही नाही. मॅडमला फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "तो मले फोन करते कदी कदी. काही बोलत नाही. नुसता चालू ठेवते." बस्स.

मागच्या दिवाळीनंतर कामासाठी शेलूबाजारला उतरलो. दुपारची वेळ, हायवेवर ट्रकांची रांग, जीपवाले 'मंगरूळ, मंगरूळ' ओरडत होते. पलीकडून मॅडम येताना दिसल्या. केस पार पांढरे, छत्री बगलेत, आणि दुसऱ्या हातानं एका म्हाताऱ्याचा दंड धरलेला. ओळखायला वेळ लागला. काका होते. उरलेल्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला होता, त्यांना रस्ता दिसत नव्हता. मॅडम ट्रक थांबवत, हात दाखवत त्यांना अलीकडं आणत होत्या, आणि काका अख्खा रस्ता ओलांडेपर्यंत मोठमोठ्यानं त्यांना बोल लावत होते. जीपवाल्यानं मला सांगितलं, "ही मास्तरीन दर मयन्याले येते, बुड्याले दवाखान्यात नेते. तो शिव्या देते, ही आयकते. रिश्तेदार असन."

मी जवळ गेलो. मॅडमनी मला बघितलं, "बापू, वाळला तू," म्हणाल्या आणि काकांचा पाय जीपच्या पायरीवर ठेवून द्यायला लागल्या. मी दुसऱ्या बाजूनं आधार दिला. काका आत बसले. मॅडम शेजारी बसल्या, पदरानं त्यांच्या डोळ्याची चिपडं पुसली. काकांनी त्यांचा हात चाचपून धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, आता तं सांग. किती वर्साचा होता तो?"

मॅडम म्हणाल्या, "नाई सांगनार, दादा."

मला वाटलं आता म्हातारा हात झटकणार. त्यानं झटकला नाही. "बरं," म्हणाला, "पुढच्या मयन्यात इचारतो." जीप भरली नव्हती, तरी जीपवाल्यानं सुरू केली. मी हात वर केला तर मॅडमनी बघितलं नाही, त्या काकांना नीट सरकवून बसवत होत्या, आणि काका अजून त्यांचा हात धरून होते.